गोव्यात फोटोग्राफीचा क्लास लावताना: फी भरण्याआधी, वर्गात आणि वर्गाबाहेर

कॅमेऱ्याचं कोणतं बटण काय करतं हे यूट्यूबवर फुकट मिळतं, तेही मराठीत. तेवढ्यासाठी पैसे मोजून क्लास लावू नये. फी भरायची ती एका गोष्टीसाठी: तुम्ही काढलेला फोटो जाणत्या माणसाने तुमच्या शेजारी बसून पाहावा, तो कुठे फसला ते बोट ठेवून दाखवावं आणि पुढच्या आठवड्यात तोच विषय पुन्हा काढून आणायला लावावं. हे जिथे होत नाही तिथे शिकवणारा कितीही नावाजलेला असला, तरी तुमच्या हाती वहीतल्या नोट्सच उरतात.

कधी सुरू करायचं

चतुर्थी आटोपून पाऊस ओसरला की गोव्यातला उजेड शिकायला सर्वांत सोयीचा असतो. ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी या काळात हवा धुतलेली असते, सुरुवातीला डोंगर अजून हिरवे असतात आणि सकाळी खाजनांवर (खाडीकाठच्या सखल शेतांवर) धुकं उतरतं. जानेवारीत सुरू झालेली आठ आठवड्यांची बॅच कार्निव्हल-शिगम्याच्या तोंडावर संपते. त्यासारखी परीक्षा दुसरी नाही.

बॅचची वेळ मात्र घड्याळाकडे नव्हे, सूर्याकडे बघून निवडा. नोव्हेंबरअखेर इथे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जूनमध्ये सात वाजून गेल्यावर. ऑफिस सुटून पणजीत सहाला पोचणाऱ्याने हिवाळ्यात संध्याकाळची बॅच घेतली, तर बाहेरचं प्रत्येक सत्र अंधारात होणार. अशांनी शनिवार-रविवारची सकाळ धरावी. जूनमध्ये सुरू होणाऱ्या बॅचला एकच प्रश्न विचारा: बाहेरचं सत्र पावसाने बुडालं तर भरून देणार का? ढगाळ उजेड व्यक्तिचित्रांना उत्तम असतो, त्यामुळे पावसाळी बॅच अगदीच टाकाऊ नसते. पण वर्गाच्या भिंतींतच सोळा तास काढायचे असतील तर थांबलेलं बरं.

क्लासचे प्रकार आणि कुणी कुठे जावं

एक-दोन दिवसांची कार्यशाळा, सहा ते आठ आठवड्यांचा क्लास, आणि कुणीतरी घेऊन जाणारा फोटोवॉक, हे नवख्यासाठीचे तीन मुख्य मार्ग. कार्यशाळेत उत्साह भरपूर मिळतो, पण चुका करून परत येण्याची संधी मिळत नाही. फोटोवॉक ही सरावाची जागा आहे, शिकण्याची नव्हे. क्लासच्या जोडीला चालेल. अगदी नव्या माणसाने आठवड्यातून एकदा भरणारा सहा-आठ आठवड्यांचा वर्ग घ्यावा, कारण मधले सहा दिवस हाच खरा अभ्यासक्रम असतो.

शिवाय एक आडवाट आहे. गोवा सेंटर फॉर ऑल्टरनेटिव्ह फोटोग्राफी ही संस्था फिल्म, पिनहोल, सायनोटाइप अशा जुन्या पद्धतींसाठी ओळखली जाते. सायनोटाइप ही १८४२ सालची पद्धत. लोहाचे क्षार लावलेला कागद उन्हात ठेवायचा आणि पाण्यात धुवायचा, की निळं चित्र उमटतं. डिजिटल कॅमेरा शिकायला याची गरज नाही. पण उजेड म्हणजे कागदावर काहीतरी करणारी वस्तू आहे, हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की एक्स्पोजर (फोटोत किती उजेड घ्यायचा) हा शब्द कोरडा राहत नाही.

फी भरण्याआधी विचारायचे प्रश्न

पहिला, बॅचमध्ये किती जण? हिशेब सोपा आहे. दोन तासांच्या सत्रात निम्मा वेळ फोटो पाहण्यात गेला, तर वीस जणांच्या बॅचमध्ये तुमच्या वाट्याला तीन मिनिटं येतात, दहा जणांच्या बॅचमध्ये सहा. तीन मिनिटांत ‘छान आहे’ यापलीकडे कुणी काही सांगू शकत नाही. बारापेक्षा मोठी बॅच असेल तर शिकवायला दोघे आहेत का, ते बघा.

दुसरा, दर आठवड्याला आमचे फोटो पाहणार की शेवटच्या दिवशी एकदाच? तिसरा, बाहेरची सत्रं किती? आठपैकी निदान तीन हवीत. चौथा, ज्याच्याकडे कॅमेरा नाही त्याला वर्गात मिळतो का? आणि पाचवा, जो विचारायला लोक संकोचतात: गेल्या बॅचच्या विद्यार्थ्यांचे पहिल्या आणि शेवटच्या आठवड्यातले फोटो दाखवाल का? शिक्षकाचा स्वतःचा पोर्टफोलिओ बघून फार काही कळत नाही. उत्तम स्वयंपाक करणाऱ्याला दुसऱ्याच्या हाताला वळण लावता येतंच असं नाही. विद्यार्थ्यांचे फोटो एकमेकांसारखे दिसत असतील, सगळ्यांचा तोच मावळता सूर्य आणि तीच होडी, तर तिथे नक्कल शिकवली जाते असं समजा.

भाषेची काळजी नको. गोव्यातल्या वर्गांत संज्ञा इंग्रजी आणि बोलणं कोकणी-मराठी-हिंदी मिसळून असं चालतंच. न समजलेला शब्द तिथल्या तिथे विचारण्याएवढी मोकळीक आहे ना, ते एक नमुना सत्र बसून बघा.

कॅमेरा: घाई नको

पहिले दोन आठवडे फोनवर निघतात. बऱ्याच फोनमध्ये प्रो मोड असतो. त्यात शटर आणि आयएसओ हाताने बदलता येतात (हे शब्द पुढे एक्स्पोजरच्या भागात उलगडले आहेत). अ‍ॅपर्चर मात्र बहुतेक फोनमध्ये ठरलेलं असतं, त्यामुळे तिसऱ्या आठवड्यापासून खरा कॅमेरा लागतो.

नवख्याला जुना एंट्री-लेव्हल कॅमेरा, त्यावर १८-५५ मिमीची, कॅमेऱ्याबरोबरच मिळणारी किट लेन्स आणि जमलं तर ५० मिमी एफ/१.८ एवढं वर्षभर पुरतं. वापरलेला माल घेताना चार गोष्टी तपासा. शटर काउंट, म्हणजे आजवर किती क्लिक झाले ते, विचारा. एंट्री-लेव्हल कॅमेऱ्याचं शटर साधारण १ लाख क्लिक धरून बनवलेलं असतं. लेन्स काढून मागून टॉर्च मारा आणि पुढून तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर ती बुरशी आहे, कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. गोव्यात वापरलेल्या लेन्समध्ये ती हमखास शोधावी. मग एफ/१६ वर मोकळ्या आकाशाचा फोटो काढा. काळे ठिपके दिसले तर उजेड टिपणाऱ्या सेन्सरवर धूळ आहे, ती साफ होते, पण किंमत कमी करायला कारण मिळतं. शेवटी सगळी बटणं आणि फ्लॅशची जागा. तिथे हिरवट गंज असला तर कॅमेऱ्याने खारं पाणी पाहिलेलं आहे.

बरोबर ६४ जीबीचं कार्ड, एक जादा बॅटरी, हवा मारायचा रबरी ब्लोअर आणि मायक्रोफायबरचं फडकं. २४ मेगापिक्सेलची रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) फाइल साधारण २५ ते ३० एमबीची असते, त्यामुळे रॉ आणि जेपेग दोन्ही ठेवूनही ६४ जीबीवर दीड हजाराच्या आसपास फोटो बसतात. हलका, स्वस्त ट्रायपॉड घेऊ नका. मिरामारच्या किनाऱ्यावरच्या वाऱ्यात तो कॅमेऱ्याला आधार देण्याऐवजी स्वतःच आधार शोधतो.

कॅमेऱ्याच्या पहिल्या सत्राआधी घरी करायच्या गोष्टी

१. व्ह्यूफाइंडरशेजारचं छोटं चाक फिरवून आतले आकडे तुमच्या डोळ्याला स्वच्छ दिसतील असं करा. चष्म्याचा नंबर असलेल्यांना हे न केल्यामुळे पहिला महिनाभर ‘माझा फोकस चुकतो’ असं वाटत राहतं.
२. तारीख-वेळ बरोबर लावा. महिन्याभराने कोणता फोटो आधीचा, हे यावरूनच कळतं.
३. कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा, कॉम्प्युटरवर नको.
४. रॉ अधिक जेपेग निवडा.
५. फोकसचा एकच, मधला बिंदू ठेवा. कॅमेऱ्याला स्वतः बिंदू निवडू दिला की तो बहुधा सर्वांत जवळची वस्तू पकडतो आणि देवळाऐवजी समोरची माडाची झावळी धारदार येते.
६. बीप बंद करा. कीर्तनात किंवा प्रार्थनेत ती ‘टिक-टिक’ एकदा वाजली की सगळ्या माना तुमच्याकडे वळतात.

एक्स्पोजर: तीन चाकं, एकच हिशेब

क्लासमध्ये पहिल्या पंधरवड्यात हाच विषय चालतो आणि इथेच बहुतेकांचा गोंधळ उडतो, कारण आकडे उलटे वाटतात. अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्समधलं भोक, त्याचे आकडे एफ/ लावून लिहितात: १.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६, २२. आकडा वाढला की भोक लहान, आणि या मालिकेतल्या प्रत्येक पायरीला उजेड निम्मा. शटर म्हणजे ते भोक किती वेळ उघडं राहतं: १/६०, १/१२५, १/२५०, १/५०० सेकंद; इथेही प्रत्येक पायरीला निम्मा. आयएसओ १०० वरून २००, ४००, ८०० केला की दर पायरीला फोटो दुप्पट उजळ, आणि दाणेही वाढतात. या पायरीला स्टॉप म्हणतात. एका चाकावर एक स्टॉप घेतला की दुसऱ्यावर एक द्यायचा, एवढंच. म्हणून १/५०० ला एफ/४, १/२५० ला एफ/५.६ आणि १/१२५ ला एफ/८ हे तिन्ही फोटो सारखेच उजळ येतात. बदलतं ते पार्श्वभूमी किती धूसर होते आणि हालचाल किती गोठते.

हे पाठ करण्यापेक्षा एका दुपारी घरच्या बलकांवात (दारापुढच्या बैठकीच्या ओसरीत) बसून करा. कठड्यावर एक नारळ ठेवा, मागे अंगण आणि तुळस दिसू द्या. वरच्या तीन जोड्यांवर तीन फोटो काढा आणि शेजारी-शेजारी ठेवा. नारळ तिन्हींत सारखा उजळ, तुळस मात्र एफ/४ ला विरघळलेली आणि एफ/८ ला बरीच ओळखू येणारी. उजेड तिन्हींत वेगवेगळा आला, तर मधे ढग आडवा आला असेल. 

उघड्या उन्हाचा जुना अंदाजही ध्यानात ठेवा: आयएसओ १०० असताना एफ/१६ आणि १/१२५. किनाऱ्यावर वाळू आणि पाणी दोन्ही चमकतात, तिथे आणखी अर्धा-एक स्टॉप कमी. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर काही भलतंच सांगू लागला तर हा अंदाज तुम्हाला सावध करतो.

आता मीटर कधी फसतो ते बघा, कारण गोव्यात तो रोज फसतो. कॅमेऱ्याला पांढरं-काळं कळत नाही. समोर जे काही आहे ते सरासरी मध्यम राखाडी असेल असं तो धरून चालतो. पणजी चर्चची पांढरीशुभ्र दर्शनी बाजू किंवा मंगेशीचा सात मजली दीपस्तंभ चौकटीत भरला, की कॅमेरा ‘फार उजेड आहे’ म्हणून फोटो दाबतो आणि चुना मळकट दिसतो. तिथे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड कमी-जास्त करायची सोय) अधिक १ किंवा अधिक १.३ करा. उलट, जत्रेतल्या नाटकात काळ्या पडद्यापुढे एकटा नट उभा असतो तेव्हा कॅमेरा अंधाराला घाबरून फोटो उजळवतो आणि नटाचा चेहरा पिठासारखा पांढरा पडतो. तिथे उणे १. नवख्याचा हात दोन्ही वेळा नेमका उलट्या दिशेने जातो: पांढरं आहे म्हणून कमी करतो, काळं आहे म्हणून वाढवतो. पडद्यावर फोटो कसा दिसतो यावर भर दुपारी विसंबू नका. हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) उजव्या भिंतीला आदळून चिकटला असेल तर पांढऱ्यातला तपशील गेला, एवढं वाचता आलं तरी पुरे.

नाटकाचाच विषय निघाला म्हणून: मंचावर आणि मंडपात हल्ली स्वस्त एलईडी दिवे असतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे हे दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. डोळ्याला ते दिसत नाही, पण १/२५० वर फोटोत आडवे पट्टे येतात. शटर १/१०० किंवा १/५० वर आणा, पट्टे जातात. कॅमेरा बिघडला समजून दुरुस्तीला नेऊ नका.

फोटो हलला म्हणजे नेमकं काय झालं

वर्गात सर्वांत जास्त ऐकू येणारं वाक्य ‘सर, फोटो हलला’. त्याचे तीन वेगळे आजार आहेत आणि औषधंही वेगळी. फोटो शंभर टक्के मोठा करून बघा.

सगळंच, भिंत-माणूस-झाड, एकाच दिशेने पुसटलं असेल तर तुमचा हात हलला. उपाय शटरचा. लेन्सची मिमीतली फोकल लांबी जितकी, तितक्यांश सेकंद ही किमान मर्यादा. एपीएस-सी या लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर तिला दीडपट करा. म्हणजे ५० मिमीला १/८०, २०० मिमीला १/३२०. कोपर छातीला टेका, श्वास सोडून बटण दाबा, आणि बटण ‘मारू’ नका, बोटाने चेपा.

भिंत धारदार पण माणूस पुसटलेला, तर विषय हलला. इथे ट्रायपॉड लावून काहीच साधत नाही, आणि लेन्समधलं स्टॅबिलायझेशनही नाही. फक्त शटरचा वेग वाढवा. चालणाऱ्याला १/२५०, खेळणाऱ्या पोरांना १/५००, शिगम्यातल्या रोमटात (ढोल-ताशांच्या नाचत्या मिरवणुकीत) उड्या मारणाऱ्यांना १/१०००.

माणूस मऊ आणि मागची खिडकी धारदार, तर फोकस चुकला. मधल्या बिंदूने डोळ्यावर फोकस धरून बटण अर्धं दाबून ठेवा, मग चौकट जुळवा आणि पूर्ण दाबा. एफ/१.८ ला, दीड मीटरवरून, फोकस घेतल्यानंतर तुम्ही थोडे जरी पुढे-मागे डोललात तरी डोळ्याऐवजी कान धारदार येतो. सुरुवातीला एफ/२.८ वर राहा.

शिक्षकाला ‘हलला’ असं न सांगता या तिघांपैकी कोणतं झालं ते सांगितलंत, तर तुमच्या वाट्याच्या सहा मिनिटांतली तीन वाचतात.

एक गृहपाठ जवळून: पोदेराचं पॅनिंग

धावती वस्तू धारदार आणि मागचं जग ओढलेलं, याला पॅनिंग म्हणतात. सरावाला पोदेरासारखा, म्हणजे सायकलवरून पाव विकणाऱ्यासारखा, विषय नाही. सकाळी ठरावीक वेळी, त्याच वाटेने, सायकलच्या बेताच्या वेगाने तो येतो आणि हॉर्न वाजवत येत असल्यामुळे तुम्हाला तयारीला अर्धा मिनिट मिळतो.

आदल्या दिवशी पाव घेताना त्याला विचारून ठेवा. दुसऱ्या दिवशी रस्त्यापासून चार-पाच मीटरवर, त्याच्या वाटेला काटकोनात उभे राहा; मागे झाडी किंवा रंगीत भिंत असावी. मोकळं आकाश मागे असलं तर ओढलेल्या रेषा दिसतच नाहीत. मोड शटर-प्रायॉरिटी, ज्यात शटर तुम्ही ठरवता आणि भोक कॅमेरा (निकॉनवर एस, कॅननवर टीव्ही), शटर १/३०, आयएसओ १००. उजेड कमी पडून अ‍ॅपर्चरचा आकडा लुकलुकायला लागला तर आयएसओ वाढवा, शटरला हात लावू नका. फोकस सतत मागोवा घेणाऱ्या पद्धतीवर, आणि फोटो सलग निघतील असं ठेवा.

पावलं जिथे फोटो हवा त्या दिशेला रोवा आणि कंबरेतून वळून तो येतोय तिकडे बघा. सायकलच्या मागच्या निळ्या प्लास्टिकने झाकलेल्या टोपलीवर नव्हे, त्याच्या छातीवर बिंदू ठेवा. तो समोर यायच्या आधीपासून त्याच्याबरोबर वळत राहा, समोर आला की चार-पाच फोटो घ्या, आणि तो पुढे गेल्यावरही वळणं थांबवू नका. नव्वद टक्के पॅनिंग इथेच बिघडतं: क्लिक झालं की हात थांबतो, आणि शेवटच्या क्षणी थांबलेला हात फोटोतही दिसतो. तीस फोटोंत तीन बरे आले तर चांगला दिवस. पाय आणि चाकं पुसट, चेहरा ओळखू येतो, एवढं पुष्कळ. सगळंच पुसट असेल तर १/६० वर जा. मागचं पुरेसं ओढलं गेलं नाही तर १/२० वर.

फोटो वर्गात कसे न्यायचे

आठवड्याला शंभरेक फोटो काढा आणि त्यातले पाच न्या. पाच निवडायला लागलेला तास हा त्या आठवड्यातला सर्वांत उपयोगी तास असतो. नेलेल्या पाचात एक फसलेला असू द्या, ज्याबद्दल तुमच्याकडे नेमका प्रश्न आहे. बाकीचे पुसून टाकू नका. शिक्षकाला कधी कधी ‘याच्या आधीचा दाखव’ असं म्हणायचं असतं, आणि तुम्ही त्या जागी कसे सरकत गेलात हे आधीच्या फोटोंतच असतं.

व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले फोटो नेऊ नका. पाठवताना फोटो दाबला जातो आणि त्यातली शटर-अ‍ॅपर्चरची नोंदही निघून जाते. ती नोंद म्हणजे रुग्णाचा केसपेपर. ती नसेल तर शिक्षकाला अंदाजाने औषध द्यावं लागतं. मूळ फाइल पेनड्राइव्हवर न्या.

फोटो पाहिला जात असताना ‘तिथे मागे गर्दी होती म्हणून...’ असं सुरू करू नका. बघणाऱ्याला ती गर्दी दिसत नाही, चौकटच दिसते. ऐका, एका ओळीत लिहून घ्या, आणि ती ओळ पुढच्या आठवड्याचा गृहपाठ समजा. ‘कडेला अर्धा माणूस कापला’ अशी ओळ असेल तर आठवडाभर प्रत्येक क्लिकआधी चौकटीच्या चार कडा डोळ्याने फिरून या. शिक्षक नुसतं ‘मस्त’ म्हणाला तर विचारा, ‘यात एक गोष्ट बदलायची झाली तर कोणती?’ उत्तर न देता येणारा शिक्षक विरळा. तसा भेटलाच तर पुढची बॅच त्याच्याकडे लावू नका.

दुसऱ्यांचे फोटो चालू असताना फोनमध्ये डोकं घालणं हा फीचा निम्मा भाग फुकट घालवण्याचा प्रकार आहे. तुमची पुढच्या महिन्यातली चूक आज शेजारच्याने केलेली असते.

बाहेरच्या सरावाच्या जागा, आणि तिथली रीत

रायबंदर-चोडण फेरीबोट फार सोयीची. सकाळचा उजेड, पाणी, दुचाकीवर बसलेली माणसं, पलीकडे खारफुटी, सगळं काही मिनिटांत. फेरीवर ट्रायपॉड लावू नका. इंजिनाची थरथर तो सरळ कॅमेऱ्यापर्यंत पोचवतो. हातात धरून १/२५० च्या वर काढा, तुमचं शरीरच ती थरथर पिऊन टाकतं.

म्हापशाचा शुक्रवारचा बाजार रंगांसाठी आणि माणसांसाठी. सकाळी आठच्या आत पोचा. दहानंतर वरच्या रंगीत ताडपत्र्यांमधून ऊन झिरपतं आणि चेहऱ्यांवर निळी-तांबडी झाक बसते, जी नंतर काढणं कठीण. मयड्याची केळी विकणाऱ्या बाईला आधी ‘फोटो काडूं?’ म्हणून विचारा. ‘नाका’ म्हणाली तर हसून पुढे जा. धंद्याच्या वेळी गिऱ्हाइकासमोर उभं राहून तिची वाट अडवणं हे न विचारण्याइतकंच वाईट.

पणजीतल्या फोंताइन्हास या जुन्या वस्तीत आणखी सांभाळून. ती रंगीत घरं म्हणजे सेट नव्हे, लोक तिथे राहतात, आणि फोटोवाल्यांना ते कंटाळलेले आहेत. काही दारांवर तशा पाट्याच आहेत. पायऱ्यांवर बसू नका, खिडकीतून आत कॅमेरा रोखू नका, दहा जणांची बॅच एका दारापुढे उभी करू नका.

बहुतेक देवळांत गर्भगृहाचे फोटो चालत नाहीत. प्रांगण, तळी, दीपस्तंभ यांना सहसा हरकत नसते, तरी आधी विचारावं. जुन्या गोव्यातल्या पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंत ट्रायपॉडला वेगळी परवानगी लागते. दाबोळी विमानतळ नौदलाच्या तळावर आहे. तिथे कॅमेरा पिशवीतच बरा.

दमट हवा, मीठ आणि वाळू

गोव्यात कॅमेरा पडून जितके बिघडतात त्यापेक्षा अधिक कपाटात ठेवून बिघडतात. हवेतली आर्द्रता सत्तर टक्क्यांच्या वर दीर्घकाळ राहिली की लेन्सच्या आत बुरशी धरते, आणि आपल्याकडे पावसाळ्यात ती नव्वदच्या आसपास असते. कॅमेऱ्याची मऊ पिशवी ही सर्वांत वाईट जागा, कारण तिचा स्पंज ओल धरून ठेवतो. रबरी कड असलेला हवाबंद प्लास्टिकचा डबा घ्या, त्यात पाव किलो सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक ठेवा. काटा ४० ते ५० मध्ये असू द्या. जेल निळ्याचं गुलाबी झालं (नारिंगी जातीचं हिरवं होतं) की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर तास-दीड तास तापवून पुन्हा वापरा. तांदळाच्या डब्यात कॅमेरा ठेवण्याचा सल्ला ऐकू नका. तांदळाचं पीठ लेन्सच्या रिंगमध्ये शिरतं.

एसी खोलीतून थेट अंगणात आलात तर काचेवर बाष्प धरतं. ते पुसत बसण्याऐवजी निघण्याआधी कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद करा आणि बाहेर आल्यावर वीस-तीस मिनिटं उघडू नका. बाष्प पिशवीवर धरेल. समुद्रावर लेन्स बदलू नका. परत आल्यावर फडकं गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळा आणि कॅमेऱ्याचं अंग पुसा. कोरड्या फडक्याने मीठ आणि वाळू घासली जाते. काच पुसण्याआधी ब्लोअर. ट्रायपॉडचे पाय खाऱ्या पाण्यात गेले असतील तर पूर्ण उघडून नळाखाली धुवा, नाहीतर महिन्याभरात सांधे अडकतात. आषाढात माशेलला चिखलकाला (चिखलात खेळायचा उत्सव) टिपायला जाणार असाल तर एकच लेन्स लावून, कॅमेऱ्याला प्लास्टिकची पिशवी रबरबँडने बांधूनच जा.

फाइली आणि प्रिंट

त्याच दिवशी फोटो कॉम्प्युटरवर उतरवा, ‘२०२५-११-१४ म्हापसा’ अशा नावाच्या फोल्डरमध्ये, आणि एक प्रत वेगळ्या हार्डडिस्कवर. दोन प्रती झाल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करू नका. एडिटिंग पहिल्या दोन महिन्यांत उजेड, व्हाइट बॅलन्स (रंगांची झाक सुधारणं), सरळ क्षितिज आणि क्रॉप एवढंच.

क्लास संपताना निदान पाच फोटो कागदावर काढा. १२ बाय ८ इंचाला ३६०० बाय २४०० पिक्सेल पुरतात, म्हणजे बहुतेक कॅमेरे-फोन चालतात. स्क्रीन पूर्ण उजेडावर ठेवून एडिट केलेला फोटो प्रिंटमध्ये काळवंडतो. म्हणून स्क्रीन निम्म्या उजेडावर आणून पुन्हा बघा आणि आधी ४ बाय ६ ची एक नमुना प्रत काढा. त्या नमुना प्रती फेकू नका. केळीवाल्या बाईची प्रत घेऊन पुढच्या शुक्रवारी म्हापशाला जा, पोदेराची त्याला पाव घेताना द्या.